राहिलेली पाच

सही करणे ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती करताना आपण काही करीत आहोत असे वाटतच नाही. पगारपत्रक, बँकेची पावती, मुलांचे प्रगतिपुस्तक, टपालवाल्याने पुढे केलेला कागद. हात चालत असतो आणि मन दुसरीकडेच कुठे तरी असते. मीही आजवर हजारो सह्या केल्या असतील. त्यांपैकी एकच मला आठवते. त्या टेबलावरचा चहाचा वाळलेला डाग आठवतो, दोरीने बांधून ठेवलेले पेन आठवते. त्या सहीविषयी मी गेली तीन वर्षे विचार करीत आलो आहे.

सही होती मुंबईतल्या एका इस्पितळात, माझ्या सात महिन्यांच्या मुलीच्या हृदयावर शस्त्रक्रिया करण्यास माझी हरकत नाही, या मजकुराखाली.

चिमी जन्मली तेव्हा चारचौघींसारखीच होती. दुसऱ्या महिन्यात लस टोचायला नेले असता डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, ती बराच वेळ तशीच ठेवली, आणि मग एकदा आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्यातच आम्हांला पुष्कळसे कळले. पुढे तपासण्या झाल्या आणि एका तरुण डॉक्टरांनी कागदाच्या पाठीमागे चित्र काढून आम्हांला समजावून दिले. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे. फुफ्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद आहे. शरीरभर रक्त पोचवणारी महारोहिणी जिथून निघावी तिथून न निघता त्या भोकाच्या डोक्यावर बसली आहे. आणि या अडचणीतून रक्त ढकलता ढकलता उजव्या कप्प्याची भिंत जाड झाली आहे. चार दोषांच्या या चौकडीला फॅलो या फ्रेंच डॉक्टराचे नाव आहे. मार्सेय येथे १८८८ मध्ये त्याने तिचे वर्णन केले, तेव्हा तिला त्याने नुसते 'निळा रोग' म्हटले होते. फुफ्फुसात जाऊन शुद्ध व्हायचे रक्त तसेच मळके शरीरात फिरते, म्हणून मूल निळे दिसते.

हा निळेपणा मी प्रथम पाहिला तो एका पहाटे. चिमी भुकेने रडत होती. रडता रडता तिचे ओठ जांभळे झाले, मग नखे, आणि मग रडणेच थांबले. माझ्या बायकोने तिला उचलले आणि शिकवल्याप्रमाणे तिचे दोन्ही गुडघे तिच्या छातीशी घट्ट दाबून धरले. पायांकडे जाणारी रक्ताची वाट अशी दाबली, की ते नाइलाजाने फुफ्फुसाकडे वळते. दीड-दोन मिनिटांनी रंग परतला. त्या आठवड्यात असे दोनदा झाले आणि आम्ही इस्पितळात दाखल झालो.

त्याच सुमारास माझी एक मावशी भेटायला आली होती. बाई मनाने अतिशय चांगली. तिने बायकोला एका बाजूला घेऊन हळूच विचारले, "पोटुशी असताना ग्रहणात काही चिरलंबिरलं होतंस का ग?" बायको काही बोलली नाही, परंतु रात्री ती बोटांवर महिने मोजताना मला दिसली. मी तिला सांगितले की, मुलाचे हृदय आठव्या आठवड्याच्या आतच घडून जाते, पुष्कळदा आईला आपल्या पोटात मूल आहे याची पुरती खात्रीही झालेली नसते तेव्हा. हजारात आठ-नऊ मुलांच्या हृदयात असा काही ना काही दोष असतो आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याचे नेमके कारण सापडत नाही. तिने ऐकून घेतले. पण तिचे मोजणे थांबले नाही. मला तेव्हा कळले, की कारण नसलेले दुःख माणसाला सोसवत नाही. त्यापेक्षा त्याला अपराध परवडतो. 'का?' या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर 'कुणामुळे?' असे विचारून तो स्वतःचेच नाव पुढे करतो.

शेजारच्या खाटेवर चार वर्षांचा एक मुलगा होता. त्याचेही दुखणे तेच. बाप बीड जिल्ह्यातला, ऊसतोडीच्या कामावर जाणारा. दसरा झाला की बिऱ्हाड घेऊन कारखान्याच्या फडावर निघायचे, पाच-सहा महिने कोपीत राहायचे, ऊस तोडायचा. त्यांच्या धंद्यात नवराबायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. या खेपेला मुकादमाची उचल अंगावर ठेवून अख्खा कोयता इस्पितळात येऊन बसला होता. पोरगा वीस पावले चालला की उकिडवा बसे, आणि जरा वेळाने उठून पुन्हा चालू लागे. घरच्यांना ती खोड वाटायची. अंगणवाडीत मुले तपासायला आलेल्या सरकारी पथकातल्या डॉक्टरांनी ते बसणे पाहिले आणि ओळखले. जे आम्हांला शिकवावे लागले होते, ते त्या पोराने स्वतःचे स्वतःच शोधून काढले होते. गुडघे छातीशी घेतले की बरे वाटते, एवढे त्याला कळले होते.

सहीच्या दिवशी आम्हां दोन्ही कुटुंबांना एकाच खोलीत बोलावले होते. त्याच्या मुलाची पाळी मंगळवारची, चिमीची गुरुवारची. शस्त्रक्रिया करणारे मोठे डॉक्टर शांतपणे बोलत होते. हृदय काही काळ थांबवावे लागेल, त्याचे आणि फुफ्फुसाचे काम एक यंत्र करील, भोक बुजवून वाट रुंद केली जाईल, असे सारे त्यांनी सांगितले. शेवटी ते म्हणाले, "अशा शंभर मुलांतली पंचाण्णव व्यवस्थित घरी जातात."

मी तो आकडा अधाशासारखा घेतला. पंचाण्णव! परीक्षेत कुणाला इतके गुण मिळाले तर आपण पेढे वाटतो. मी बायकोकडे पाहून मान हलवली.

तो ऊसतोड्या मात्र जरा थांबला आणि म्हणाला, "अन् ऱ्हायलेली पाच कुनाची, सायेब?"

खोलीत कुणी काही बोलेना. प्रश्नात राग नव्हता, टोमणा नव्हता. हिशोबात काही उरले असेल तर ते कुणाच्या नावावर टाकायचे, असे एखाद्याने विचारावे तसे त्याने विचारले होते. डॉक्टर म्हणाले, "ते मला आधी कळलं असतं, तर मी त्यांना आत नेलंच नसतं." उत्तर प्रामाणिक होते. त्याला ते पटलेसे दिसले. त्याने एकेक अक्षर जपून काढीत सही केली आणि पेन माझ्याकडे दिले.

मी सही केली. तेवढ्यात बायको म्हणाली, "माझीही घ्या." सिस्टर म्हणाल्या, "एकाची पुरते." ती म्हणाली, "पुरत असेल, पण माझीही घ्या." मग माझ्या सहीखाली तिने आपली सही केली. बाहेर आल्यावर मी कारण विचारले. ती म्हणाली, "उद्या काही झालं तर ते तुम्ही एकट्याने केलं असं व्हायला नको."

त्या रात्री मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून विचार करीत होतो. कुणाच्या अधिकाराने मी ही सही केली? माझा जीव मी धोक्यात घातला तर तो माझा प्रश्न. पण चिमीचा जीव चिमीचा. तिला विचारता येत नव्हते. पुढे मोठी होऊन 'बाबा, तुम्ही केलेत ते बरोबर केलेत' असे ती म्हणेलही. परंतु ते म्हणायला ती उरली तर. ज्यांच्या बाबतीत सही चुकते, त्यांच्याकडून दोष येत नाही, आणि म्हणूनच सहीला ते विचारात घेणे सोपे जात नाही. बरे, सही केली नसती तर? तीही एक सहीच झाली असती. शस्त्रक्रियेवाचून या दुखण्याची बहुतेक मुले तरुणपण पाहत नाहीत. म्हणजे काहीही केले तरी निर्णय माझा आणि जीव तिचा, हे टळत नव्हते. आईबापांचा अधिकार म्हणून आपण ज्याला म्हणतो, तो खरे पाहता अधिकारच नव्हे. कुणी तरी उचललेच पाहिजे असे ते ओझे आहे, आणि ते उचलायला आपण सर्वांत जवळ उभे असतो इतकेच.

मग मला त्या आकड्याचा विचार सुचला. शंभरातली पंचाण्णव, हे कुणी मोजले? कुठली शंभर मुले? पुढे मी या गोष्टींविषयी मिळेल ते वाचले. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात पंधरा महिन्यांच्या एका निळ्या मुलीवर शस्त्रक्रिया झाली. तिचे वजन जेमतेम चार किलो होते. हाताकडे जाणारी एक रोहिणी फुफ्फुसाच्या रोहिणीला जोडून द्यावी, म्हणजे रक्ताला आडवाटेने का होईना फुफ्फुस गाठता येईल, अशी ती युक्ती. कल्पना हेलन टाउसिग या बालहृदयतज्ज्ञ बाईंची. त्यांना ऐकू येत नसे, म्हणून त्या मुलांच्या छातीवर बोटे ठेवून हृदय समजून घेत. शस्त्र हाती धरले ते आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी. आणि त्यांच्या पाठीमागे एका चौरंगावर उभे राहून टाका कुठे घालावा हे सांगत होते व्हिव्हियन थॉमस. हे कृष्णवर्णीय गृहस्थ प्रयोगशाळेतले मदतनीस. त्यांच्याजवळ महाविद्यालयाची पदवीसुद्धा नव्हती, पण कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया पुनःपुन्हा करून तिची रीत बसवली होती ती त्यांनीच. मुलगी त्या दिवशी वाचली. काही महिन्यांनी मात्र ती गेली.

त्यानंतर १९५४ मध्ये मिनेसोटा येथे वॉल्टन लिलेहाय यांनी हृदय उघडण्याचा आणखी एक मार्ग काढला. आज जे काम यंत्र करते, ते त्यांनी मुलाच्या बापाला करायला लावले. बापाला शेजारच्या टेबलावर निजवून दोघांचे रक्त नळ्यांनी जोडले. मुलाचे हृदय दुरुस्त होईपर्यंत बापाच्या देहाने दोघांसाठी श्वास घेतला. ज्या शस्त्रक्रियेत मृत्यूचे प्रमाण दोनशे टक्के होऊ शकते अशी ही शस्त्रक्रिया, असे तेव्हा तिच्याविषयी बोलले जाई. तेरा महिन्यांचा तो पहिला मुलगा अकरा दिवसांनी न्यूमोनियाने गेला. अशा रीतीने ४५ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतले २८ घरी गेले.

त्या पहिल्या मुलीच्या आईबापांना कुणी आकडा सांगितला असेल? सांगण्यासारखा आकडाच नव्हता. शंभर नव्हते, दहा नव्हते. त्यांचीच मुलगी पहिली होती. त्यांनी सही केली ती निव्वळ अंधारात. त्यांच्यानंतरच्यांनी केली ती किंचित उजेडात, आणि तो उजेड त्या मुलीचा होता. वाचलेल्या मुलांनी डॉक्टरांना शिकवले त्याहून कदाचित गेलेल्या मुलांनी अधिक शिकवले असेल. मला ज्या खोलीत पंचाण्णव हा आकडा आयता मिळाला, त्याच्या पाठीमागे अशा किती खोल्या होत्या!

पण हे सारे मागाहूनचे शहाणपण. बाकावर बसलो होतो तेव्हा मी इतका शहाणा नव्हतो, आणि पुढच्या दोन दिवसांत तर मुळीच उरलो नाही.

मंगळवारी त्या मुलाची शस्त्रक्रिया झाली. तो बाहेर आला, कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर राहिला. बुधवारी दिवसभर त्याच्या खाटेभोवती डॉक्टरांची ये-जा चालू होती. बुधवारी रात्री साडेअकराच्या सुमारास तो गेला.

आता जे लिहायचे आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. सिस्टरनी मला हळू आवाजात ती बातमी दिली, तेव्हा माझ्या मनात सर्वांत आधी जो विचार आला तो दुःखाचा नव्हता. तो असा होता: 'पाचांपैकी एक झाला.'

जणू कुठे तरी एका मडक्यात शंभर चिठ्ठ्या होत्या, पाच काळ्या. एक काळी निघाली, तेवढी चिमीची वाट सुरक्षित झाली! मी गणित शिकलेला माणूस आहे. एका मुलाच्या मरणाने दुसऱ्याच्या जगण्याची शक्यता तिळमात्र वाढत नाही, हे मला पक्के ठाऊक होते. तरीही तो विचार आला, आणि त्याबरोबर अंगातून एक सुटकेची लहर गेली. मग मी घाबरलो. आपल्या मुलाच्या प्रेमात माणूस किती उदार होतो याची वर्णने आपण पुष्कळ ऐकतो. त्याच प्रेमात तो काय काय होऊ शकतो, ते मी त्या क्षणी पाहिले.

पहाटेपासून चिमीचे दूध बंद केले होते. ती भुकेने कळवळत होती आणि प्रत्येक रडण्याबरोबर आमचा जीव तिच्या ओठांच्या रंगाकडे लागत होता. ती माझ्या शर्टाचा गळा मुठीत धरून रडे. मी दूध देत नाही याचा तिला राग नव्हता. मी आता देईन, अशीच तिची समजूत होती. तो विश्वास पाहणे हे मला सहीपेक्षाही अवघड गेले.

आठ वाजता आम्ही तिला घेऊन निघालो, तेव्हा जिन्यापाशी तो उभा होता. कागदपत्रे पुरी व्हायची होती. पोराला गावी नेणारी गाडी यायची होती. त्याची बायको भिंतीला टेकून खाली बसली होती. मला त्याच्या समोरून जावेसे वाटेना. तोच पुढे आला. चिमीकडे पाहून म्हणाला, "रातीपासनं दूध बंद आसंल. लई रडली आसंल. आमचा पानी पानी करीत व्हता." मग त्याने आपल्या खरबरीत बोटाने तिच्या पायाच्या अंगठ्याला स्पर्श केला आणि म्हणाला, "जावा दादा. येळ नका करू."

मी मान खाली घालून पुढे गेलो. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी सिस्टरनी चिमीला घेतले. दार लागले. मागे वळून पाहिले तर तो अजून तिथेच उभा होता.

फळाची आशा न धरता कर्म करीत राहावे, हा गीतेचा उपदेश मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहे. त्या दिवशी बंद दारासमोर सहा तास बसून मला दुसरे काही नको होते, फक्त फळ हवे होते. निष्काम राहा असे कुणी तेव्हा मला म्हणाले असते, तर मी त्याच्यापासून उठून गेलो असतो. जो बाप आपले मूल जगावे अशी आशा धरीत नाही तो निष्काम नव्हे, तो परका आहे. पण त्या उपदेशातला एक अर्थ मला त्या माणसामुळे कळला, तो असा. त्याने आणि मी एकाच टेबलावर, एकाच पेनाने, एकाच आशेने सही केली. चिमी वाचली; आज ती साडेतीन वर्षांची आहे. म्हणून माझी सही शहाणपणाची ठरली आणि त्याची चुकीची ठरली काय? लोक तसे बोलतात खरे. माझ्याविषयी म्हणतात, 'वेळीच निर्णय घेतला हो!' त्याच्या गावात त्याच्याविषयी काय म्हणत असतील याची मी कल्पना करू शकतो: 'खेळतं पोर नेलं आणि घालवलं.' दोघांनी केले ते एकच होते. जे वेगळे झाले ते आमच्यापैकी कुणी केलेले नव्हते. फळ आपल्या हाती नाही याचा अर्थ ते नको असावे असा नव्हे. मिळाले म्हणून आपली पुण्याई समजू नये आणि मिळाले नाही म्हणून दुसऱ्याला अपराधी ठरवू नये, असा तो मला वाटतो. बायकोने आपली सही माझ्या सहीखाली केली ती हे सारे आधीच ओळखून. मला त्याला तीन वर्षे लागली.

आणि त्याच्या प्रश्नाचे काय? राहिलेली पाच कुणाची?

डॉक्टरांचे उत्तर ज्ञानाच्या बाजूने खरे होते: कुणाची ते आधी कळत नाही. मनाच्या बाजूने मी जे उत्तर त्या रात्री दिले ते असे होते, की कुणाचीही असोत, माझी नसोत. त्या उत्तराची मला लाज वाटते, पण मी ते नाकारीत नाही. उद्या पुन्हा तशी रात्र आली तर तो विचार पुन्हा येईल. माणसाच्या मनात पहिला विचार कोणता यावा हे त्याच्या हाती नसते. दुसरा विचार मात्र काही अंशी त्याच्या हाती असतो. तो ऊसतोड्या पहिला विचार गिळून दुसऱ्यापाशी पोचला होता. स्वतःचे मूल गमावून आठ-नऊ तास झाले नव्हते, तोच माझ्या मुलीच्या भुकेची त्याला चिंता होती. राहिलेली पाच कुणाची, याचे उत्तर त्याने त्या जिन्यापाशी दिले, असे मला वाटते. ती ज्यांची गेली त्यांची तर आहेतच, पण पंचाण्णवांच्या आईबापांचीही आहेत. पाच वेगळी काढून पंचाण्णव हा आकडा उरत नाही. तो शंभरांचा मिळून होतो.

वर्षातून एकदा आम्ही चिमीला तपासायला त्याच इस्पितळात नेतो. छातीच्या मधोमध सरळ उभा वण आहे. फुफ्फुसाकडच्या झडपेतून थोडे रक्त मागे गळते, त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते. पुढेमागे ती झडप बदलावी लागेल असे डॉक्टर म्हणतात. म्हणजे सहीची पाळी पुन्हा येईल. कदाचित तोवर ती स्वतःच करील.

गेल्या खेपेला आम्ही बाहेर बसलो होतो तेव्हा त्या खोलीचे दार अर्धवट उघडे होते. आत एक तरुण जोडपे बसले होते. बाईच्या मांडीवर बाळंत्यात गुंडाळलेले मूल होते. डॉक्टरांचा तोच शांत आवाज ऐकू आला, "अशा शंभर मुलांतली..." चिमी बाकावरून उतरून माझा हात ओढीत होती, म्हणून पुढचा आकडा मला ऐकू आला नाही. तो जो काही असेल, त्यात चिमी आहे, आणि बीडचा तो उकिडवा बसणारा पोरगाही आहे.